शिकवणी लावूनही वाचता येत नाही, पालकांना कसं सांगू?

पाटीपेन्सिल | १२ जून, रात्री १०:५०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीत घरी शिकवण्या घेते. दुसरी ते सातवी, मराठी आणि सेमी. चौदा वर्षं झाली. हॉलमध्ये सतरंजी, एका बॅचला दहा-बारा पोरं. साडेतीनला पहिली बॅच बसते, आठला शेवटची उठते. पाटी नाही, जाहिरात नाही. एकीची मुलगी सुधारली की ती शेजारणीला सांगते, असं चालतं.

प्रश्न एका मुलाचा आहे. त्याला पिंटू म्हणू. यंदा चौथीत गेला, नऊ पूर्ण झाली. दुसरीपासून माझ्याकडे येतो. 'कमळ' वाचतो, 'बदक' वाचतो. 'किरण' दिलं की 'करिण' म्हणतो. घ आणि ध त्याच्या लेखी एकच अक्षर, भ आणि म तसंच. जोडाक्षर आलं की पुस्तकातून मान वर काढून माझ्या तोंडाकडे बघतो, माझे ओठ हलतायत का ते. 'बत्तीस लिही' म्हटलं की २३ लिहितो. 'एकोणसाठ' म्हटलं की ६९.

आणि हाच मुलगा गेल्या वर्षी मी चौथीच्या बॅचला शिवरायांचा इतिहास घेत होते तेव्हा कोपऱ्यात बसून ऐकत होता. अफजलखानाचा धडा त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितला, प्रतापगडाखालच्या शामियान्यासकट. मोठी पोरं आ वासून ऐकत होती. घरी आजोबांची जुनी स्कूटर उघडतो आणि परत जोडतो. म्हणजे डोकं कमी आहे असं मुळीच नाही.

परवा रद्दी काढताना त्याची तिसरीची वही हाताला लागली. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा, हा माझा नियम. 'घर' चुकलं होतं. खाली दहा वेळा 'धर' लिहिलेलं, आणि त्याखाली माझीच लाल टिक. मी शब्द वाचलाच नव्हता हो, ओळी दहा आहेत ना एवढंच मोजलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही.

वडील म्हणतात, "बाई, रविवारीपण घ्या, पैशाचं बघू." महिन्याचे सातशे घेते मी. रविवारचा तास घेतला तर तो अकरावा 'धर' होणार, हे मला दिसतंय. पण सांगू कसं? मी डी.एड. आहे, डॉक्टर नाही. आणि सांगितलं आणि त्यांनी मुलाला काढून दुसरीकडे घातलं, तर तिथेही दहा वेळाच लिहून घेतील.

हिशेबनीस | १२ जून, रात्री ११:३५

बाई, तुम्ही प्रामाणिक वाटता म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्या वेळी याला आळस म्हणायचे. मोबाईल काढून घ्या, रोज एक पान शुद्धलेखन घ्या. हल्ली प्रत्येक खोडीला एक इंग्रजी नाव मिळतं, आणि नाव मिळालं की फी लागते.

चहाटळ | १२ जून, रात्री ११:५२

फीचं खरं आहे. पण शुद्धलेखनाचं पान तर धाग्यातच आहे की. दहा वेळा 'धर'. अजून किती पानं घ्यायची म्हणता?

अनुस्वार | १३ जून, सकाळी ७:१५

पाटीपेन्सिल ताई, मी ठाण्यात विशेष शिक्षिका आहे, अशाच मुलांबरोबर काम करते. आधी ती वही रद्दीत देऊ नका. पालकांशी बोलताना तीच समोर ठेवायची आहे.

निदान तुम्ही करायचं नाही, त्यामुळे 'तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. बघितलं तेवढंच सांगा. तोंडी सगळं येतं, कागदावर उतरत नाही. घ-ध दोन वर्षांत सुटत नाही. उतरवून घ्यायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. आणि पहिल्या पाच मिनिटांत हे सांगा की तो हुशार आहे. कारण आपण 'तपासणी' म्हटलं की आईबाप 'मंदबुद्धी' ऐकतात. अध्ययन अक्षमता म्हणतात ती (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) मुळात बुद्ध्यांक साधारण किंवा वरचा असूनच असते. अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ मेंदूत सहज बसत नाही, गाडी तिथे अडते. अक्षरं उलटी 'दिसतात' हा गैरसमज आहे, डोळे चांगले असतात.

तरीही सुरुवात डोळे आणि कानांपासूनच करायची. चष्मा लागलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो, किंवा सर्दीने कान भरून कमी ऐकू येत असतं, अशी मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात. ते नसेल तर मग बुद्ध्यांकाची चाचणी, त्यानंतर वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. मुंबईत सायन, केईएम, नायर या पालिका रुग्णालयांत ही सोय आहे. तुमचा जिल्हा ठाणे, त्यामुळे नेमकं कुठे जायचं ते शाळेकडून लेखी घ्या. खासगी मानसतज्ज्ञांचा अहवाल शिकवायला उपयोगी पडतो, पण परीक्षेच्या सवलतीसाठी सरकारी कागदच लागतो. दोन्हींचे पैसे आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून आधीच सांगतेय.

रविवारचा तास नको, हे तुमचं बरोबर. ह्या मुलांना जास्त नाही, निराळं शिकवावं लागतं.

कोपऱ्यातली_खुर्ची | १३ जून, सकाळी ९:०५

शाळेतल्या वर्गशिक्षिकेकडेच शिकवणी लावली तर? त्या रोज बघतात त्याला.

चहाटळ | १३ जून, सकाळी ९:२०

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८. शाळेच्या शिक्षकांना खासगी शिकवणीला मनाई आहे. चालतं सगळीकडे, पण सल्ला म्हणून देऊ नका.

उलटा_घ | १३ जून, रात्री ९:४०

मी हे बोलून टाइप करतोय, मोबाईल ऐकतो आणि लिहितो. चुका त्याच्या, माझ्या नाहीत.

वय छत्तीस. कोल्हापुरात दुचाकीचं गॅरेज आहे, तीन पोरं हाताखाली. आठवीपर्यंत माझ्या चार शिकवण्या झाल्या. पहिल्या बाई पट्टीच्या. दुसरे सर बाकीच्यांना माझी वही वाचून दाखवायचे, सगळे हसायचे, मीपण हसायचो कारण हसलं की लवकर संपायचं. तिसरा क्लास मोठा होता, तिथे मी कोण आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. माझं सगळ्यात सुखाचं वर्ष.

चौथ्या बाई आमच्या गल्लीतल्याच, पोस्टातून निवृत्त. त्यांना शिकवायचं ट्रेनिंग वगैरे काही नव्हतं. त्यांनी एकच केलं, माझी वही मागितली नाही. म्हणाल्या, आज काय झालं ते सांग. मी सांगायचो, त्या लिहायच्या, मी बोललो तस्संच, कोल्हापुरीत, 'गेलतो', 'आलतो' सकट. मग तो कागद माझ्याकडे द्यायच्या, वाच म्हणायच्या. आता मीच बोललेलं वाक्य आहे, पुढचा शब्द काय येणार हे मला ठाऊक. त्यामुळे मला पहिल्यांदा कळलं की ह्या आकृतीचा हा आवाज. सहा महिने असंच. रोज चार ओळी. पुस्तक उघडलं ते दिवाळीनंतर.

दहावी तिसऱ्या झटक्यात झाली. नाव काय आहे या प्रकाराला ते मला तिसाव्या वर्षी कळलं, पोरगीच्या शाळेतल्या मीटिंगला.

हिशेबनीस साहेब, आळशी असतो तर रोज दीड तास 'शुद्धलेखन' लिहिलं नसतं. मी आयुष्यात सगळ्यात जास्त कष्ट तिथे केलेत, गॅरेजमध्ये नाही.

अनुस्वार | १३ जून, रात्री १०:१०

दादा, तुमच्या त्या बाईंनी जे केलं तेच आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. मुलाच्या तोंडचं वाक्य हेच त्याचं पहिलं वाचनपाठ. आणि त्यांना ते पोस्टाच्या टेबलावर सुचलं. अशिक्षित माणसांची पत्रं लिहून दिली असतील त्यांनी, मग वाचून दाखवली असतील.

उलटा_घ | १३ जून, रात्री १०:१५

हे मला कधी सुचलं नव्हतं. हो, मनीऑर्डरच्या खिडकीवर होत्या.

बालाघाट | १४ जून, दुपारी २:३०

जिल्हा परिषद शाळेवर आहे, बीड जिल्ह्यात. ताईंच्या प्रश्नाला थेट उत्तर नाही, पण एक सावधगिरी सांगतो.

वरची लक्षणं वाचली तर माझ्या चौथीच्या वर्गातली अर्धी पोरं त्यात बसतील. घ-ध चुकतं, जोडाक्षर येत नाही, पाढे नाहीत. ती अक्षम नाहीत. दिवाळीच्या आसपास आईबाप उसाच्या तोडीला गेले की पोरं बरोबर जातात आणि येतात ती थेट उन्हाळ्यात. चौथीतल्या पोराची शाळा मोजली तर दोन वर्षांचीच भरते. काही पोरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना परकी. नीट शिकवलंच गेलं नसेल किंवा भाषाच वेगळी असेल तर ती अध्ययन अक्षमता नव्हे. तपासणीतही हे आधी बाजूला काढतात. म्हणून पिंटूबद्दल पहिला प्रश्न हा: शाळा नियमित झाली आहे का? करोनाच्या वर्षांत बालवाडी बुडाली का?

तालुक्याला गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. अनुदानित शाळेतल्या मुलांनाही त्यांची मदत घेता येते, शाळेने मागायला हवी. माझ्या तालुक्यात ते महिन्यातून एकदा येतात. माणूस भला आहे, पण शाळा किती आणि तो एकटा.

आणि शिकवण्यांचं म्हणाल तर त्या आता वाडी-वस्तीवर पोचल्यात. 'असर' नावाच्या शिक्षणाच्या ग्रामीण सर्वेक्षणात पहिली ते आठवीची पैसे देऊन शिकवणीला जाणारी मुलं २०१८ मध्ये २६.४ टक्के होती, २०२२ मध्ये ३०.५. आकडा देशाचा आहे. त्यातल्या किती पोरांना शिकवणीची नाही, चष्म्याची गरज आहे, हे कोण बघतंय?

पाटीपेन्सिल | १४ जून, संध्याकाळी ८:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळा नियमित आहे त्याची. बालवाडी मात्र बुडाली होती, घरीच होता. पण त्याच्याच वयाची, तशीच घरी बसलेली बाकीची नऊ मुलं सतरंजीवर शेजारी आहेत आणि ती वाचतात.

अंकांचं कुणी सांगेल का? ६९ चं कोडं मला सुटत नाही.

अंकलिपी | १५ जून, सकाळी ६:४०

निवृत्त गणित शिक्षक. हे कोडं पिंटूचं कमी आणि आपल्या भाषेचं जास्त आहे.

'बत्तीस' मध्ये दोन आधी ऐकू येतो, तीस नंतर. लिहायचं मात्र उलट, तीन आधी आणि दोन नंतर. ऐकलं त्या क्रमाने लिहिलं की २३. त्याचं चुकलं कुठे? 'एकोणसाठ' तर त्याहून अवघड. त्यात वजाबाकी लपलेली आहे, साठाला एक उणा. पोराला शेवटी 'साठ' ऐकू येतं, एकोण म्हणजे काहीतरी नऊची भानगड हे पाठ असतं, दोन्ही जोडून तो ६९ लिहितो. तर्क अगदी बिनचूक आहे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'तीस दोन' असं वाचायची पद्धत जोडली होती, आठवतंय? डॉ. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. केवढा गहजब झाला. विधानसभेत विनोद झाले, मराठी बुडाली म्हणून लेख आले. 'एकवीस' कुणी काढून घेतलं नव्हतं, दोन्ही दिलं होतं. ज्यांची मुलं पहिल्या फटक्यात एकवीस शिकली त्यांना विनोद सुचतात. मी त्या वर्षी पालकसभेत हेच बोललो आणि एका गृहस्थांनी मला भाषेचा मारेकरी ठरवलं. असो.

पिंटूला आइस्क्रीमच्या काड्या द्या. दहाचा गठ्ठा रबराने बांधायचा. बत्तीस म्हणजे तीन गठ्ठे, दोन सुट्या. हातात घेऊन 'तीस आणि दोन' म्हणायचं, लिहायचं, आणि मग 'याला लोक बत्तीस म्हणतात' असं सांगायचं. शंभर मण्यांची माळ मिळाली तर उत्तम. साठावर चिमटा लावा, एक मणी मागे या: एकोणसाठ. पाढे पाठ करायला लावू नका सध्या. काही जन्मात होत नाहीत. बाजारहाट अडत नाही.

हिशेबनीस | १५ जून, सकाळी १०:००

काड्यांचं पटलं. पण एक विचारतो, रागावू नका. प्रमाणपत्र मिळालं की जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र, सगळंच मिळतं. माझ्या मुलीने त्याच बाकावर बसून साधी तीन तासांत परीक्षा दिली. आणि पैसेवाले लोक खोटी प्रमाणपत्रं काढतात हे आपण पेपरात वाचतोच.

दहावीची_आई | १५ जून, दुपारी १२:४५

खोटी काढणारे असतीलही. माझ्या मुलीचं खरं होतं, तेव्हा खऱ्याचं सांगते.

महाराष्ट्रात अध्ययन अक्षमतेला परीक्षेत सवलती १९९६ पासून आहेत. बऱ्याच राज्यांच्या आधी. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही मुंबईत त्याच वर्षी सुरू झाली, पालकांच्या खटपटीतून. केंद्राच्या कायद्यात हे यायला २०१६ उजाडलं. १९९५ च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच, २०१६ च्या दिव्यांग कायद्याने यादी २१ प्रकारांची केली तेव्हा ती आली. एवढी जुनी सोय असूनही माझ्या मुलीच्या शाळेत नववीपर्यंत कुणी शब्द काढला नाही. शाळेचं नाव लिहीत नाही, शाळा वाईट नव्हती, फक्त निकालाला जपणारी होती.

तोवर आम्ही काय काय केलं ते ऐका. पाचवीत दोन शिकवण्या. सहावीत अबॅकस. सातवीत एका गृहस्थांनी 'मिडब्रेन' चा वर्ग सुचवला, डोळ्यांवर पट्टी बांधून पोरं वाचतात म्हणे. उघड्या डोळ्यांनी वाचता येत नाही म्हणून नेलेली मुलगी, तिला पट्टी बांधून वाचायला शिकवायला मी चांगले दहा हजार मोजले. पोरं नाकाजवळच्या फटीतून बघतात, हे तिनेच मला रिक्षात सांगितलं. मग रंगीत काचांचा चष्मा, मग डोळ्यांचे व्यायाम. एकाचाही वाचनाला काडीचा उपयोग झाला नाही.

दहावीला तिला तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळाली. हिशेबनीस, लेखनिक म्हणजे चैन वाटते ना? नववीतली अनोळखी मुलगी शेजारी बसते. 'समद्विभुज' मध्ये जोडाक्षर कसं ते तिलाही माहीत नसतं. आकृती कशी काढायची ते तोंडाने सांगायचं. पेपरच्या आधी आम्ही दोन महिने हे 'सांगणं' शिकवलं, घरातल्या जेवणाच्या टेबलावर. तिच्या मैत्रिणीही कुजबुजायच्या, तुझं काय बाई, तुला लिहावंच लागत नाही. शेवटच्या दोन पेपरांना ती लेखनिक नको म्हणाली. त्यात मार्क गेले.

एक धोक्याची सूचना. आमच्या वेळी गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्यायची मुभा होती. घेतलं की सुटल्यासारखं वाटतं, पण पुढे विज्ञान किंवा डिप्लोमाची वाट बंद होऊ शकते. सवलत घेण्याआधी पुढचं दार उघडं राहतं का, ते विचारा. अगदीच जमत नसेल तर एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय, आहे. पाच विषय, ते आपण निवडायचे, गणित घ्यायलाच हवं असं नाही, पाच वर्षांत नऊ संधींमध्ये एकेक करून सोडवता येतात.

मुलगी आज बेकरीचा कोर्स करून नोकरी करते. पाककृती फोनला मोठ्याने वाचायला लावते.

कोपऱ्यातली_खुर्ची | १५ जून, दुपारी १:१०

वाचनखूण साठवली. बहिणीला पाठवते.

बालाघाट | १५ जून, रात्री ९:५५

वरच्या चर्चेत एक पोरगं राहून जातं. तपासणीत ज्याचा बुद्ध्यांक थोडा कमी निघतो, पण मतिमंद म्हणण्याइतका नाही. संथ गतीने शिकणारं. त्याला अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र नाही, दुसरंही कुठलं नाही. दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत पडल्यासारखं. माझ्या वर्गात अशी दोन आहेत. कागद मिळत नाही म्हणून त्यांना काड्या आणि माळ द्यायची नाही, असं तर नाही ना. पाटीपेन्सिल ताई, पिंटूचा निकाल तसा आला तरी काम थांबवू नका एवढंच.

पाटीपेन्सिल | २ जुलै, रात्री ११:१५

धागा वर काढतेय. बोलले.

अनुस्वार ताईंनी सांगितलं तसं हुशारीपासून सुरुवात केली, अफजलखान सांगितला, स्कूटर सांगितली. आई हसत होती. मग वही उघडली. आई लगेच समजली, मला वाटतं तिला आधीच शंका होती. वडील उठून उभे राहिले. "दोन वर्षं पैसे घेतलेत आणि आता पोरगं वेडं म्हणता?" मी वेडं म्हटलंच नव्हतं. पण दोन वर्षांचं त्यांचं खरं होतं, म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पिंटू आला नाही. आठ दिवस नाही.

नवव्या दिवशी आजोबा घेऊन आले त्याला, हाताला धरून. म्हणाले, "याचा बाप पण पाचवीपर्यंत असाच होता. मी फोडून काढायचो. तुम्ही जे करायचं ते करा."

हे मी इथे कुणाला दुखवायला लिहीत नाहीये, पण त्यानंतर वडिलांचा राग मला निराळा दिसायला लागला.

अनुस्वार | ३ जुलै, सकाळी ७:०५

बापाचं असतं ताई, खूपदा. हा त्रास घराण्यात चालत येतो. मी पालकांना अर्ज भरायला देते तेव्हा कुणी 'चष्मा विसरलो' म्हणून कागद बायकोकडे सरकवतो का, ते बघते. त्यांना तो अर्ज वाचून दाखवायचा, विचारल्याशिवाय.

आता शिकवण्याचं. त्याला बॅचमधून बाहेर काढा, एकट्याला पाऊण तास द्या. बाराखडीच्या क्रमाने जाऊ नका. म पक्का झाल्याशिवाय भ काढायचा नाही, घ पक्का होईपर्यंत ध लपवून ठेवायचा. सारखी दिसणारी अक्षरं एकत्र शिकवली की कायमची चिकटतात. ताटात रवा पसरा, बोटाने अक्षर काढताना तोंडाने आवाज काढायचा: डोळा, कान, तोंड, हात एकदम. अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकात बसवलेली ही पद्धत, आपल्या अक्षरांनाही चालते. पहिली वेलांटी त्याला मुद्दाम उघड करून सांगा: कानाला क आधी, हाताला वेलांटी आधी. 'करिण' तिथून येतं. रफार तर लबाडच. 'गर्व' म्हणताना र आधी, लिहिताना तो पुढच्याच्या डोक्यावर. हे सगळं एका आठवड्यात नाही, एकेकाला पंधरा दिवस.

आणि लाल पेन घरात ठेवा.

हिशेबनीस | ३ जुलै, सकाळी ११:३०

पाऊण तास एकट्याला म्हणजे एका बॅचचा वेळ गेला. बाईंच्या सात-आठ हजारांचं काय? विशेष शिक्षक तासाला पाचशे घेतात असं ऐकतो. चार घरची शिकवणी करणाऱ्या बाईने हे धर्मादाय का करावं? हा प्रश्न कुणीच विचारला नाही म्हणून विचारतो.

पाटीपेन्सिल | ३ जुलै, रात्री १०:३०

तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं. दुपारी तीन ते पावणेचार घेते आता त्याला, पहिली बॅच पावणेचारला ढकलली. जेवणानंतर पडायचे ती वेळ गेली. वडिलांनी निरोप पाठवला, "दीड तासाचा पाऊण तास झाला, पैसे तेवढेच?" मी म्हटलं, तेवढेच. त्यांना तो तोटा वाटला, मला माझा वाटला. दोघंही गप्प.

पाटीपेन्सिल | २४ ऑगस्ट, रात्री ९:५०

डोळ्यांना थोडा नंबर निघाला, चष्मा लागला. कान ठीक. घ-ध चष्म्यानेही सुटलं नाही. तपासणीची तारीख नोव्हेंबरची मिळाली. गर्दी आहे. कुठे ते लिहीत नाही.

घ पक्का झालाय. ध अजून कपाटात. उलटा_घ दादांच्या पोस्टातल्या बाईंची रीत रोज करते, चार ओळी. पहिल्या दिवशी विचारलं, आज काय झालं? म्हणाला, "काय नाय." तेच लिहिलं आणि दिलं. त्याने वाचलं, "काय नाय." आणि मग इतका हसला की मलाही आवरेना.

शाळेत सहामाहीच्या आधी अर्ज द्यायचाय, कागद हातात नसताना काही मागता येतं का? वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, घाबरतात.

अनुस्वार | २५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

बोर्डाच्या सवलतीला कागद लागतो, चौथीच्या वर्गात बसवायच्या जागेला नाही. अर्जात तीनच गोष्टी मागा: पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीचा फोटो, आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचायला उभं न करणं. तपासणीच्या तारखेची चिठ्ठी जोडा. सही आईची घ्या, आणि पोच घ्या. मसुदा निरोपात पाठवते.

उलटा_घ | २५ ऑगस्ट, रात्री ८:४५

ताई, एक विचारायचं राहिलं. आजोबांची स्कूटर कुठली?

पाटीपेन्सिल | २५ ऑगस्ट, रात्री ९:१०

प्रिया. पंधरा दिवस बंदच आहे, किका मारून मारून आजोबांचा गुडघा धरलाय.

उलटा_घ | २५ ऑगस्ट, रात्री ९:२५

प्लग काढून बघायला सांगा, काळा आणि ओला असणार. मग कार्बोरेटर, त्यातला जेट. पिनने टोचायचं नाही, फुंकर मारायची. आजोबा शेजारी हवेत, पेट्रोल आहे. काय काय काढलं ते तो क्रमाने सांगेल, तुम्ही कागदावर लिहून घ्या, एका ओळीला एक भाग. जोडताना त्याला तो कागद खालून वर वाचावा लागेल. अडला तर मला फोनवर घ्या, पण आधी वाचू द्या.